सोल्डरिंगशिवाय पिकअप बदलता यावा असं गिटारचं वायरिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) बदलताना दर वेळी सोल्डरिंग आयर्न काढायला लागू नये म्हणून वायरिंग कसं करावं, याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं पॅसिव्ह पिकअपच्या गिटारी डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. बॅटरीवर चालणाऱ्या पिकअपचं प्रकरण वेगळं आहे, ते प्रश्न १७ मध्ये. घाईत असाल तर निदान प्रश्न ५ वाचूनच कामाला हात घाला.

१. ‘सोल्डरलेस’ म्हणजे नेमकं काय? वायरी जोडायला तर लागतातच ना?

लागतातच, फक्त तो जोड कायमचा नसतो. नेहमीच्या गिटारमध्ये पिकअपची हॉट (सिग्नल नेणारी) वायर सिलेक्टर स्विचला किंवा व्हॉल्यूम पॉटच्या (आवाजाच्या चकतीखालचा बदलता रोधक) लगला, म्हणजे जोडायच्या कानाला, आणि ग्राउंडची (परतीची) वायर पॉटच्या पाठीला सोल्डर केलेली असते. पिकअप बदलायचा तर दोन्ही जोड वितळवून सोडवायचे आणि नव्याचे पुन्हा घालायचे. त्यातला पाठीवरचा जोड फार त्रासदायक. पॉटची धातूची टोपी उष्णता खेचून घेते, आयर्न बराच वेळ टेकवून धरावं लागतं, आणि असं वारंवार झालं की आतला कार्बनचा ट्रॅक भाजून पॉट खरखरायला लागतो.

सोल्डरलेस पद्धतीत स्विच आणि पॉट यांना हात लागत नाही. त्यांच्यापासून वायरीच्या छोट्या शेपट्या निघतात, शेपटीच्या टोकाला सॉकेट असतं आणि प्रत्येक पिकअपला त्यात बसणारा प्लग.

२. मला सोल्डरिंग अजिबात येत नाही. तरी जमेल का?

पिकअप बदलणं जमेल, पण गिटारच्या बाजूची सॉकेटं पहिल्यांदा कुणीतरी सोल्डर करून द्यायला लागतील. गल्लीतला टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणारा माणूसही हे काम अर्ध्या तासात करून देईल. त्याच्या हातात फक्त नीट काढलेली आकृती द्या.

तेही नको असेल तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे तयार हार्नेस: पॉट, स्विच आणि जॅक (केबल खोचायची जागा) आधीच जोडलेले, आणि पिकअपच्या वायरी नुसत्या खोचायच्या. ऑब्सिडियनवायर ही कंपनी असे हार्नेस बनवते. दुसरी म्हणजे स्क्रू टर्मिनल असलेला पॉट. सेमूर डंकन या पिकअपच्या कंपनीने ‘लिबरेटर’ नावाने असा पॉट काढला होता, त्यात वायरीचं टोक घालून पेचकसाने आवळायचं. दोन्ही परदेशातून मागवावं लागतं, कस्टम्स धरून खर्च फुगतो. एका गिटारसाठी एवढा खटाटोप मला पटत नाही.

३. कंपन्या मुळातच अशा गिटारी का बनवत नाहीत?

बनवल्या आहेत. अ‍ॅम्पेग कंपनीने १९६९ मध्ये डॅन आर्मस्ट्राँग यांनी आखलेली पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची गिटार काढली. तिचे पिकअप बिल लॉरेन्स यांचे होते आणि ते सरकवून काढता-घालता येत. स्वित्झर्लंडच्या रेलिश कंपनीने मागच्या बाजूने पिकअप बदलता येईल अशा गिटारी केल्या. गिब्सनच्याही काही मॉडेलांत पॉटला वायरी सोल्डर करण्याऐवजी सर्किट बोर्ड असतो आणि पिकअप त्यावर प्लगने बसतो. मात्र एका कंपनीचा प्लग दुसऱ्या कंपनीच्या सॉकेटात जात नाही. प्रमाण असं काही ठरलेलंच नाही, म्हणून आपलं प्रमाण आपणच ठरवायचं.

४. मध्ये कनेक्टर आला की आवाज बिघडतो म्हणतात. खरं आहे?

चांगल्या कनेक्टरचा रोध ओहमच्या हजाराव्या भागांत मोजायचा असतो. फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या, म्हणजे स्ट्रॅटच्या, सिंगल कॉइलचा (एकाच कॉइलचा पिकअप) स्वतःचा रोध सुमारे ६ हजार ओहम आणि पीएएफ (गिब्सनचा जुना हंबकर) धाटणीच्या हंबकरचा (दोन कॉइलींचा पिकअप) ८ हजारांच्या आसपास. एवढ्यात ते हजारावे भाग कानाला कळणं शक्य नाही. वायर दहा-पंधरा सेंटीमीटरने वाढली तरी तिची कपॅसिटन्स तुमच्या तीन मीटरच्या केबलपुढे काहीच नाही; साध्या गिटार केबलची कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरडच्या घरात असते.

शंकेला जागा आहे ती दुसरीकडे. पिकअपचा सिग्नल इतका क्षीण असतो की धातूवर साचलेला ऑक्साइडचा थर भेदायला त्याच्यात ताकद नसते. पंख्याच्या स्विचमधला काळवंडलेला जोड २३० व्होल्टवर चालून जातो, पिकअपचा जात नाही. म्हणून कनेक्टर घट्ट पकडणारा हवा, आणि मिळाला तर सोन्याचा मुलामा असलेल्या पिनांचा. कनेक्टर चांगला असतो किंवा अधूनमधून खरखरतो आणि मुका होतो. ‘थोडा मंद आवाज’ असा प्रकार त्यात बहुधा नसतो.

५. पिना किती ठेवू? सिंगल कॉइलला दोनच वायरी असतात, मग दोन पिनांचा कनेक्टर पुरेल ना?

त्या पिकअपपुरता पुरेल. पण उद्या चार वायरींचा हंबकर आणलात की सगळं पुन्हा करायला लागेल. माझं मत ठाम आहे: सगळीकडे पाच पिना ठेवा, पिनांचा क्रम एकदाच ठरवा आणि तो कागदावर लिहून कंट्रोलच्या झाकणाच्या आतून चिकटवा. कोणता कनेक्टर घेता यापेक्षा हा क्रम मोडत नाही ना, याला जास्त किंमत आहे. कंपनीगणिक जो काही फरक असेल तो पिकअपच्या प्लगमध्ये मिटवायचा. गिटारच्या बाजूला पुन्हा हात लावायचा नाही.

क्रम असा ठेवता येईल: पिन १ हॉट, पिन २ पहिल्या कॉइलचं दुसरं टोक, पिन ३ दुसऱ्या कॉइलचं पहिलं टोक, पिन ४ दुसऱ्या कॉइलचं शेवटचं टोक, म्हणजे थंड बाजू, पिन ५ उघडी शील्ड (गुणगुण अडवणाऱ्या वेष्टणाची बिनआवरणाची वायर). गिटारच्या बाजूला ४ आणि ५ ग्राउंडला जातात. कॉइल-स्प्लिटचा (हंबकरची एकच कॉइल वाजवायचा) स्विच नसेल तर २ आणि ३ सॉकेटपाशीच एकमेकांना जोडून टाका. असेल तर ही जोडी त्या स्विचकडे न्या.

सिंगल कॉइलला फक्त १ आणि ४ वापरायच्या, बाकी घरं रिकामी. रिकाम्या २-३ मुळे काही बिघडत नाही. स्प्लिटचा स्विच ओढला तरी सिंगल कॉइलच्या आवाजात फरक पडणार नाही. जाळीच्या वायरीचा जुन्या धाटणीचा हंबकर असेल तर आतली वायर १ वर आणि जाळी ५ वर.

६. डंकनच्या आकृतीत काळी वायर हॉट आहे आणि डिमार्झिओच्या आकृतीत लाल. कुणाचं खरं?

दोघांचंही. रंग ज्याने त्याने आपापले ठरवलेत. प्रश्न ५ मधल्या क्रमात ते असे बसतात.

सेमूर डंकन: १ काळी, २ पांढरी, ३ लाल, ४ हिरवी, ५ उघडी.
डिमार्झिओ: १ लाल, २ काळी, ३ पांढरी, ४ हिरवी, ५ उघडी.

फेंडरच्या सिंगल कॉइलमध्ये साधारणतः पांढरी हॉट (पिन १) आणि काळी ग्राउंड (पिन ४). बाकी कंपन्यांसाठी त्यांचाच तक्ता बघा, अंदाजाने जाऊ नका. बिननावाच्या पिकअपला तक्ता नसतोच, तिथे मल्टिमीटर लावायचा. कॉइलच्या दोन टोकांमध्ये काही हजार ओहम दिसतात आणि वेगवेगळ्या कॉइलच्या वायरींमध्ये काहीच दिसत नाही. जोड्या कळल्या की निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्यासाठी प्रश्न १३ पाहा.

७. मग कनेक्टर कोणता घेऊ?

तीन प्रकार व्यवहारात चालतात.

रिलीमेट. आपल्याकडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत नुसतं ‘पाच पिनची रिलीमेट वायर’ म्हटलं की कळतं. पिनांतलं अंतर २.५४ मिमी. एका टोकाला क्रिम्प केलेल्या (पिन दाबून बसवलेल्या) वायरी तयार मिळतात, उलटा बसू नये म्हणून खाच असते, स्वस्त असतो. माझी पहिली पसंती हाच. याचा मेल भाग बोर्डावर लावायचा असतो, म्हणून गिटारच्या बाजूला व्हेरोबोर्डचा (तांब्याच्या पट्ट्यांचा, भोकं असलेला बोर्ड) नखाएवढा तुकडा घेऊन त्यावर तो सोल्डर करायचा आणि शेपट्या तिथून न्यायच्या.

जेएसटी. एक्सएच मालिकेत पिनांतलं अंतर २.५ मिमी आणि पीएचमध्ये २ मिमी. जागा कमी असेल तर पीएच. मात्र क्रिम्पिंगचं हत्यार हवं किंवा तयार वायरी. पकडीने दाबून केलेला क्रिम्प आज ना उद्या निसटतो.

वॅगोचे खटक्याचे कनेक्टर, २२१ मालिका. खटका उचला, वायर घाला, खटका दाबा. सोल्डर नाही, क्रिम्प नाही. पण ते घराच्या वायरिंगसाठी बनवलेले आहेत आणि ०.२ ते ४ चौरस मिमी जाडीची वायर धरतात. चार वायरींच्या हंबकरमधली वायर बहुतेक वेळा यापेक्षा बारीक असते, घातली तरी ओढल्यावर सुटते. टोक सोलून दोन-तीनदा दुमडा किंवा त्यावर लग दाबून बसवा. तीन घरांचा वॅगो सुमारे १९ मिमी रुंद आणि ८ मिमी उंच. स्ट्रॅटमध्ये एखाद-दुसरा मावतो, सगळ्या जोडांना पुरतील एवढे मावत नाहीत. सगळी ग्राउंड एकत्र आणायला मात्र पाच घरांचा एक वॅगो झकास.

ब्रेडबोर्डसाठी मिळणाऱ्या ड्यूपाँट जंपर वायरी टाळा. त्या ढिल्या असतात आणि उलट्याही बसतात.

८. हे सामान कुठे मिळेल?

मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. इतर गावांत टीव्ही-अ‍ॅम्प्लिफायरचे सुटे भाग विकणारं दुकान शोधा. वॅगो इलेक्ट्रिकल सामानाच्या मोठ्या दुकानात मिळतो. कनेक्टरबरोबर हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी), वायर सोलायची पकड आणि साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. पॉट मात्र रेडिओच्या दुकानातले नकोत. त्यांचा दांडा आणि आकार गिटारला बसेलच असं नाही.

९. वायरी नुसत्या पिळून वरून टेप मारली तर चालेल का? करायचंय काय एवढं?

पिकअप बरा आहे का हे संध्याकाळपुरतं बघायचं असेल तर चालेल. त्याहून बरं म्हणजे दोन क्रोकोडाइल क्लिपा. कायमचं नको. पिळलेल्या जोडाला दाब नसतो, तांबं काळं पडतं आणि प्रश्न ४ मधला ऑक्साइडचा थर साचतो. शिवाय आपल्या उन्हाळ्यात पीव्हीसी टेपचा गोंद वितळून चिकट होतो आणि टेप उलगडते. मग उघडी हॉट वायर खाली चिकटवलेल्या तांब्याच्या शील्डिंगला टेकली की गिटार गप्प.

१०. स्ट्रॅटमध्ये नेमकं कुठे कुठे कनेक्टर टाकू?

स्ट्रॅट यासाठी सगळ्यात सोयीची. तिन्ही पिकअप, स्विच आणि पॉट एकाच पिकगार्डला (पुढचा प्लास्टिकचा पत्रा) लटकलेले असतात. स्विचच्या तीन हॉट जागांपासून तीन शेपट्या काढा, ग्राउंड व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवर एकाच जागी आणा आणि प्रत्येक शेपटीला सॉकेट द्या. सॉकेटं पिकगार्डच्या आतल्या बाजूला दुहेरी टेपने चिकटवा, नाहीतर ती आत खुळखुळतात आणि तो आवाज चक्क रेकॉर्डिंगमध्ये येतो.

याहून पुढची सोय म्हणजे अख्खं पिकगार्डच बदलायचं. पिकगार्ड आणि लाकडी बॉडी यांच्यात तीनच वायरी असतात: जॅकची हॉट, जॅकची ग्राउंड आणि मागच्या स्प्रिंगांच्या पट्टीला जाणारी तारांची ग्राउंड. या तिघींना मिळून तीन पिनांचा एक कनेक्टर लावला की एका पिकगार्डवर तीन सिंगल कॉइल, दुसऱ्यावर ब्रिजला हंबकर, असे दोन तयार संच ठेवता येतात. प्रत्येक संचाचे पॉट वेगळे असल्यामुळे प्रश्न १५ मधली भानगडही उरत नाही. खर्च जास्त, डोकेदुखी कमी. दोनच आवाजांत आलटून पालटून वाजवणाऱ्याला मी हेच सुचवेन.

११. तारा दर वेळी काढाव्याच लागतात का?

स्ट्रॅटमध्ये पिकगार्ड उचलायचं म्हणजे तारा बाजूला करायला लागतात. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चाप) लावा, तारा पूर्ण सैल करा आणि ब्रिजकडची टोकं काढून जुडगा मानेकडे वळवा. खुंट्यांवरचे वेढे कॅपोमुळे सुटत नाहीत. रिंगवर बसणाऱ्या हंबकरला नुसतं सैल करूनही भागतं. रिंगचे चार स्क्रू काढायचे आणि पिकअप तिरका करून बाहेर घ्यायचा.

पिकअपजवळ पेचकस जपून चालवा. आतलं चुंबक पातं खसकन ओढून घेतं, आणि कॉइलची वायर जेमतेम ०.०६ मिमी जाडीची, म्हणजे केसाइतकी बारीक किंवा त्याहून बारीकच. सिंगल कॉइलमध्ये तर वेढे उघडे दिसतात. पातं घसरून एक वेढा तुटला की पिकअप गेला. काम करताना कॉइलवर जाड कागदाची पट्टी टेपने लावून ठेवा.

१२. हंबकरच्या खाचेतून कंट्रोलच्या खाचेत जाणारं भोक लहान आहे, प्लग जातच नाही. भोक मोठं करू का?

मुळीच नको. रिलीमेट आणि जेएसटी दोन्हींत पिना प्लास्टिकच्या घरातून सुट्या करता येतात. आधी वायरींना फक्त पिना क्रिम्प करा, त्या एकामागे एक अशा टेपने गुंडाळून भोकातून ओढून घ्या आणि पलीकडे गेल्यावर घरात सरकवा. टक् असा आवाज आला की बसली. परत काढताना घराच्या बाजूला दिसणारी पिनची बारीक जीभ सुईने दाबायची, पिन अलगद मागे निघते. जीभ चपटी झाली असेल तर पुन्हा बसवण्याआधी नखाने किंचित उचला, नाहीतर प्लग लावताना पिन मागे ढकलली जाते आणि बाहेरून सगळं बरोबर दिसूनही आवाज येत नाही.

१३. एकेक पिकअप छान वाजतो, पण दोन एकत्र लावले की आवाज पातळ आणि नाकातला येतो. कनेक्टर खराब आहे का?

नाही, फेज उलटी आहे. दोन पिकअप एकमेकांचा सिग्नल खोडताहेत आणि खालचे सूर नाहीसे होताहेत. वेगवेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र आले की हे हमखास घडतं.

चार वायरींच्या हंबकरमध्ये प्लगमधल्या पिन १ आणि पिन ४ ची अदलाबदल करा, शील्ड ५ वरच राहू द्या. सिंगल कॉइलमध्येही तेच. पाच मिनिटांचं काम (पिन काढायची रीत प्रश्न १२ मध्ये). जाळीच्या वायरीच्या हंबकरला हे करू नका; बाहेरची जाळी हॉट होईल आणि हात लावला की भणभणेल. तिथे एक तर चुंबक उलटं करायला लागतं किंवा आतली वायर बदलायला लागते, आणि ते जाणत्याकडूनच करून घ्यावं. टेलिकास्टरसाठी आधी प्रश्न १४ वाचा.

फेज बसवण्याआधीच तपासता येते. मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवून पिन १ ला लाल आणि पिन ४ ला काळी काडी लावा, पिकअपवर पेचकसाचं पातं आडवं टेकवा आणि झटकन उचला. आकडा क्षणभर वर जातो किंवा खाली. दोन्ही पिकअपचा आकडा एकाच दिशेने हलला तर फेज जुळते.

१४. पिकअप बदलल्यापासून गुणगुण वाढली आहे. कनेक्टरमुळे का?

सिंगल कॉइलची थोडी गुणगुण जन्मजात असते, ती धरू नका. नव्याने वाढली असेल तर तारांना हात लावून बघा. हात लावल्यावर ती कमी होत असेल तर तारांची ग्राउंड शाबूत आहे. शील्डची पिन ५ कुठे सुटली आहे का, ते पाहा. काहीच फरक पडत नसेल तर तारांची ग्राउंड तुटली आहे.

टेलिकास्टरमध्ये ही फसगत ठरलेली. तिच्या ब्रिज पिकअपच्या तळाला धातूची पट्टी असते, ती पिकअपच्या ग्राउंडला जोडलेली असते, आणि स्क्रूंमधून ब्रिजला व तारांना ग्राउंड तिथूनच मिळते. बिनपट्टीचा पिकअप बसवलात की तारा अधांतरी. अशा वेळी ब्रिजच्या प्लेटखालून एक वेगळी वायर ग्राउंडकडे न्या. याच पट्टीमुळे, आणि नेक पिकअपच्या धातूच्या टोपीमुळे, टेलीत वायरी नुसत्या उलटून फेज बदलता येत नाही. आधी पट्टी किंवा टोपी यांना कॉइलच्या वायरीपासून तोडून स्वतंत्र वायर द्यायला लागते आणि ती पिन ५ वर आणावी लागते.

तारांना हात लावताच मुंग्या आल्यासारखं होत असेल तर मात्र वाजवणं थांबवा. तो दोष गिटारचा नसून अ‍ॅम्पच्या सॉकेटच्या अर्थिंगचा आहे. जुन्या इमारतींत तिसरी पिन नुसती दिखाव्याची असते. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

१५. सिंगल कॉइलच्या जागी हंबकर घातला, तर पॉटही बदलायचे का?

रूढ जोडी अशी: सिंगल कॉइलला २५० किलोओहमचे पॉट, हंबकरला ५०० चे. २५० वर हंबकर मवाळ आणि किंचित झाकोळलेला वाटतो, ५०० वर सिंगल कॉइल टोचतो. पॉट बदलत बसलो तर सोल्डरलेसचा अर्थच काय!

यावर सोपी युक्ती आहे. गिटारमध्ये ५०० चा व्हॉल्यूम पॉट कायम ठेवा, आणि सिंगल कॉइलच्या प्रत्येक प्लगमध्ये पिन १ व ४ च्या मध्ये ४७० किलोओहमचा रोधक लावा. ५०० आणि ४७० समांतर आले की सुमारे २४२ किलोओहम होतात, म्हणजे सिंगल कॉइलला हवे तेवढे. रोधक पिकअपबरोबर येतो आणि पिकअपबरोबर जातो. फक्त दोन सिंगल कॉइल एकत्र लावल्यावर दोन्ही रोधक कामाला लागतात आणि त्या जागी आवाज जरा जास्तच मवाळ होतो. कुणाला तेच आवडतं.

१६. नवा पिकअप बसवला, पण आवाजच नाही. कुठून शोधायला सुरुवात करू?

गिटार उघडण्याआधी मल्टिमीटर घ्या. केबल गिटारमध्ये घाला, दुसऱ्या टोकाच्या टिपला आणि दांड्याला काड्या लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, स्विच त्या पिकअपवर ठेवा.

आकडा पिकअपच्या रोधाहून किंचित कमी आला, उदाहरणार्थ ८ किलोओहमचा हंबकर आणि ५०० चा पॉट असताना ७.८ ते ७.९, तर गिटारचं वायरिंग ठीक आहे आणि दोष अ‍ॅम्पकडे. मीटर आवाक्याबाहेर गेला आणि मोठ्या रेंजवर थेट २५० किंवा ५०० किलोओहमच्या आसपास दिसलं, तर तुम्ही फक्त पॉट मोजताय. पिकअप जोडलेलाच नाही, प्लग किंवा एखादी पिन सुटली आहे. शून्याच्या जवळ आलं तर हॉट कुठेतरी ग्राउंडला टेकली आहे. पिन ५ ची उघडी वायर पहिली संशयित, तिला मुळापासून हीट श्रिंक घाला. आणि ८ च्या जागी ४ आलं तर हंबकरची एकच कॉइल चालू आहे: स्प्लिटचा स्विच ओढलेला राहिला असेल किंवा पिन २-३ ग्राउंडला लागल्या असतील.

स्ट्रॅटच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी दोन पिकअप समांतर असतात. तिथे ६ च्या ऐवजी ३ दिसलं तर घाबरू नका, तेच बरोबर आहे.

१७. याच सॉकेटांत ईएमजी अ‍ॅक्टिव्ह पिकअप लावता येतील का?

नको. ईएमजीच्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपच्या पोटात प्रीअ‍ॅम्प असतो, त्याला ९ व्होल्टची बॅटरी लागते आणि पॉट २५ किलोओहमचे. त्या पॉटवर पॅसिव्ह पिकअप लावला तर आवाज दबतो आणि वरचे सूर गायब होतात. उलट २५०-५०० च्या पॉटवर अ‍ॅक्टिव्ह वाजतो, पण व्हॉल्यूमची चकती दिव्याच्या बटणासारखी वागते, एक तर सगळा आवाज नाहीतर काहीच नाही. बॅटरी उगाच खर्च होऊ नये म्हणून स्टीरिओ जॅक लागतो, आणि तारांची ग्राउंड जोडू नका असं कंपनी स्वतः सांगते. शिवाय बॅटरीची वायर चुकीच्या पिनवर गेली तर आतलं सर्किट जळू शकतं. पॅसिव्ह पिकअप उलटा लावला तर फार तर गुणगुणतो.

ईएमजी आपल्या पिकअपबरोबर स्वतःचे सोल्डरलेस प्लग आणि पॉट देते. हौस असेल तर तो अख्खा संच वेगळ्या पिकगार्डवर बसवा (प्रश्न १०).

१८. माझी गिटार गिब्सन ईएस-३३५ सारखी, अर्धी पोकळ आहे. मागे झाकण नाही. काय करू?

अशा गिटारला तर याचा सगळ्यात जास्त फायदा. नाहीतर पिकअप बदलायचा म्हणजे सगळे पॉट एफ-होलमधून (बॉडीवरचं एफ आकाराचं भोक) बाहेर काढायचे आणि दोऱ्या बांधून पुन्हा जागेवर ओढायचे. इथे सॉकेट पॉटपाशी न ठेवता शेपटी लांब करून पिकअपच्या खाचेत आणा. शेपटी शील्डेड वायरीचीच हवी आणि सॉकेटभोवती फोम गुंडाळा, कारण पोकळ बॉडीत बारीकशी टकटकही मोठी होते. एकदा एवढं झालं की पुढचे पिकअप वरूनच बदलता येतात.

१९. कोकणात राहतो. पावसाळ्यात कनेक्टर गंजणार नाहीत का?

समुद्राची हवा आणि जुलैची दमट खोली यांत कथिलाच्या मुलाम्याच्या पिना काळवंडतात हे खरं. खरखर सुरू झाली तर आधी प्लग दोन-तीनदा काढून घाला; पिना एकमेकींवर घासल्या की थर निघून जातो. तेवढ्याने भागलं नाही तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा हलका फवारा. डब्ल्यूडी-४० वापरू नका, तो धूळ धरून ठेवतो. गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या पिशवीबरोबर ठेवा. ते तसं लाकडासाठीही करायलाच हवं.

२०. दोन पिकअपची तुलना नीट कशी करू? बदलला की दर वेळी नवाच भारी वाटतो.

नवा भारी वाटतो कारण तारा नव्या असतात किंवा पिकअप तारांच्या जास्त जवळ असतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपासूनचं अंतर मोजा. स्ट्रॅटच्या सिंगल कॉइलसाठी जाड तारेकडे सुमारे २.४ आणि बारीक तारेकडे २ मिमी हे सुरुवातीला धरायचे आकडे. दोन्ही पिकअप एकाच अंतरावर, त्याच तारा, अ‍ॅम्पची बटणं न हलवता, तीच चाल, आणि फोन एकाच जागी ठेवून रेकॉर्डिंग. ते दुसऱ्या दिवशी ऐका. कोणता कुठला ते घरातल्या कुणाला तरी लपवून ठेवायला सांगा.

२१. ब्रँडेड जुनी गिटार आहे, तिच्यावर हा प्रयोग करू का?

मूळ सोल्डर न छेडलेली जुनी गिटार असेल तर नका करू. घेणारा झाकण उघडून आधी तेच बघतो. फारच हौस असेल तर मूळ हार्नेस अखंड बाहेर काढून, पिशवीत घालून जपून ठेवा आणि नवा वेगळा बसवा. रोजच्या वाजवण्यातल्या गिटारला कसलीच अडचण नाही. वॉरंटीत असेल तर तेवढी मुदत थांबा.

२२. जुना पिकअप विकायचा आहे. प्लग कापून देऊ की तसाच?

पिना घरातून काढून घ्या, वायर कापू नका. पिकअपच्या वायरीची लांबी गेली की किंमत जाते, कारण घेणाऱ्याची गिटार लेस पॉल असेल तर त्याला नेक पिकअपपासून कंट्रोलपर्यंत लांब वायर लागणार. म्हणून पिकअप विकत घेतानाच मूळ वायर न छाटता पूर्ण लांबीची ठेवा, उरलेली गुंडाळून खाचेत बसवा आणि प्लग टोकालाच लावा. रंगांचा तक्ता चिठ्ठीवर लिहून सोबत द्या. रोधक लावला असेल (प्रश्न १५) तर तो आठवणीने काढून घ्या.